सरकारी दवाखाना कोणाचा?

(ता. १० मार्च रोजीं एका गांवीं पारावर भरलेल्या सभेंत तेथील शाळेच्या शिक्षकांनीं केलेलें भाषण.)

आज सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. दरवर्षीं या दिवशीं आम्ही मुलींकडून तसबिरीला हार घालवितों, बाईंनीं मुलींची शाळा कशी काढली तें सांगतों, आणि खाऊ वांटून घरीं जातों. बाई वारल्या कशानें, हें सांगावयाचें मात्र बहुतेक वेळां राहून जातें. आज आम्ही तेवढ्याचसाठीं उभे आहों.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उठला आणि १८९७ च्या आरंभीं पुण्यांत येऊन पोंचला. सावित्रीबाईंचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. बाई तेव्हां साठीच्या पलीकडे गेलेल्या. मुंढव्याच्या गांवकुसाबाहेरील वस्तींत एक पोर प्लेगनें पडलें आहे असें कळतांच बाईंनीं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें, असें सांगतात. अशी शुश्रूषा करतांना बाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्याच महिन्यांत पुण्यांत इंग्रज सरकारनें गोरे सोल्जर घरोघर घातले. रोगी सांपडला कीं ओढून न्यावा, सामानसुमान जाळावें, असा प्रकार सुरू झाला, आणि लोक आपलीं आजारी माणसें लपवूं लागले.

एकाच शहरांत, एकाच रोगावर, हे दोन दवाखाने. एकांत माणूस पाठीवर बसून आला, दुसऱ्यांत त्याला धरून नेला. एकावर लोकांचा विश्वास होता, दुसऱ्याचें त्यांना भय होतें. दवाखाना नुसत्या औषधानें चालत नाहीं, तो विश्वासानें चालतो. आतां गोरें सरकार जाऊन पाऊणशें वर्षें झालीं. दवाखाना आपला झाला. पण विश्वास बसला काय?

याचें उत्तर आम्ही आमच्याच एका अपराधाची गोष्ट सांगून देतों. ती नीट ऐका, कारण ती ज्यांची आहे ते मायबाप या सभेंत बसले आहेत आणि त्यांच्या परवानगीनें आम्ही ती सांगत आहों.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. रात्रीं दोनच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर कुंभारवाड्यांतील वहिनी उभ्या. म्हणाल्या, “गुरुजी, पोरीच्या पोटांत कळा येत्यात. डोळं उघडं ऱ्हाईनात. पायाला टोचल्यावानी झालं म्हणत होती, पन सूज कायबी न्हाय. कुठं न्यावं?” पोरगी आमच्याच हाताखालीं सातवी झालेली. जमिनीवर गोधडी टाकून निजली होती. आम्ही काय सांगितलें? “सरकारी दवाखान्यांत या वेळीं कोण असणार? तालुक्याला खासगींत न्या.” एवढें बोलून आम्ही गाडीवाल्याला फोन लावला आणि आपलें कर्तव्य झालें असें मानलें.

गाडी येईपर्यंत कोणी म्हणालें, भगताला दाखवा. भगतानें कडुलिंबाचा पाला चावायला दिला, मंत्र घातला, दंडाला दोरा बांधला. त्यांत दीड तास गेला. मग तीस किलोमीटरवरचा तालुका. तेथें एका खासगी इस्पितळांत आधीं अनामत मागितली. बाप पैशाची जुळवाजुळव करीत दारोदार फोन करीत होता, तोंवर पोरीचा श्वास मंदावला. मग सांगण्यांत आलें कीं आमच्याकडे श्वास देण्याचें यंत्र मोकळें नाहीं, जिल्ह्याला न्या. जिल्हा यावयाचा होता, तोंच पोरगी गेली.

महिन्याभरानें शाळेच्या लसीकरणाच्या कामासाठीं आम्हांस नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें लागलें. तेथें सहज विषय निघाला. परिचारिका बाईंनीं नोंदवही उघडून दाखविली. त्या रात्रीं डॉक्टर केंद्रांतच होते. बारा वाजतां त्यांनीं एक बाळंतीण मोकळी केली होती. कपाटांत सर्पदंशावरच्या औषधाच्या कुप्या होत्या. बाहेर रुग्णवाहिका उभी होती. नऊ किलोमीटर म्हणजे पाऊण तासाच्या आंत पहिली सुई!

पोरगी खात्रीनें वांचलीच असती असें आम्ही म्हणत नाहीं. मण्यार फार विषारी. पण वांचण्याची जी वाट होती, ती आम्ही एका वाक्यानें बंद केली. आणि तें वाक्य आम्ही कशाच्या आधारावर बोललों? त्या केंद्राची पायरी आम्ही सात वर्षांत एकदांही चढलों नव्हतों. ऐकीव गोष्ट, आणि पगारदार माणसाचा दिमाख. दुसरा आधार नाहीं.

भगताला आम्ही काय बोल लावावा? तो अडाणी, आम्ही तर पदविका घेतलेले. पण त्याचें दुकान कसें चालतें तें मात्र समजून घ्या. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कधीं कधीं चावतो पण विष सोडीत नाहीं. असे सारे लोक कांहीं न करतां जगतात आणि यश मात्र मंत्राच्या पदरीं पडतें. खरें विष चढलेला माणूस मेला, तर ‘वेळ आली होती’ म्हणावयाचें. जगला तर भगत, मेला तर नशीब! असा न तोट्याचा धंदा कुंभाराला कीं कुणब्याला कधीं साधला आहे काय?

आपल्याकडे माणूस मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. या चौघांचें विष घोड्याला थोडथोडें टोचून, त्याच्या रक्तांतून उतारा काढतात. चारही विषांवर तें एकच औषध. सुरुवातीसच आठ-दहा कुप्या लागतात. बाजारांत त्यांचे हजारों रुपये होतात, सरकारी दवाखान्यांत एक पैसा नाहीं. साप कोणता होता, हें सांगतां आलें नाहीं तरी अडत नाहीं. त्याला शोधण्यांत आणि मारण्यांत वेळ दवडूं नका. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यांस चावते. तिच्या दंशाला सूज नसते, दुखणेंही फारसें नसतें. पोटांत कळ येणें आणि पापण्या मिटणें हीच तिची खूण. दोरी आवळूं नये, जखम कापूं नये, चोखूं नये. हात-पाय लांकडाच्या पट्टीला बांधून हलूं न देतां, माणसाला चालावयास न लावतां दवाखाना गांठावा.

हें कोणासाठीं सांगावयाचें? २००० ते २०१९ या वीस वर्षांत या देशांत सुमारें बारा लाख माणसें सर्पदंशानें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दरसाल अठ्ठावन्न हजार. त्यांत बंगल्यांत राहणारा कोण असेल? खुरपणारी बाई, दारें धरणारा गडी, ऊंस तोडणारा मजूर, भट्टीजवळ निजणारा कुंभार. ज्याचे पाय मातींत, त्याच्याच पायाला दांत. म्हणून सरकारी दवाखान्याचा प्रश्न हा आपल्या वर्गाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

आतां कोणी म्हणेल, “गुरुजी, फुकटचा दवाखाना तो फुकटचाच.” हा शब्द आधीं जिभेवरून पुसून टाका. तो दवाखाना फुकट नाहीं. काडेपेटीपासून पंपाच्या डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतींत तुम्ही कर भरतां. भूमिहीन मजूरही भरतो. त्या पैशांतून डॉक्टरचा पगार निघतो, औषध येतें, इमारत उभी राहते. पैसे आधींच देऊन ठेवलेला माल घ्यावयाचा नाहीं, आणि तोच माल दुसऱ्या दुकानांत व्याजानें पैसे काढून विकत घ्यावयाचा, असा व्यवहार कोणता शहाणा करील? आपण तो रोज करतों.

ही व्यवस्था कोणाच्या मेहेरबानीनें आलेली नाहीं. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली गेली. तिनें १९४६ सालीं अहवाल दिला. पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये आणि दवाखाना खेड्याच्या जवळ असावा, हें त्याचें सार. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें उघडूं लागलीं. आजचा नियम असा कीं सपाट मुलखांत तीस हजार लोकांमागें एक केंद्र, डोंगरी व आदिवासी मुलखांत वीस हजारांमागें एक, आणि त्याच्या हाताखालीं पांच हजार किंवा तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र. देवी हा रोग ज्यांनीं पाहिला ते म्हातारे येथें बसले आहेत. १९७५ नंतर या देशांत देवीचा रोगी सांपडला नाहीं. १३ जानेवारी २०११ नंतर रानटी पोलिओ विषाणूनें एकही नवें पोर लंगडें झाल्याची नोंद नाहीं. घरोघर, वस्तीवस्तीला, ऊंसतोडीच्या पालापर्यंत जाऊन लस कोणी दिली? कोणत्या नफ्याच्या इस्पितळानें? जें निरोगी माणसाच्या दारीं चालत येतें, त्यांत नफा नसतो. म्हणून तें काम सरकारी दवाखान्याचेंच.

“पण तेथें चांगला डॉक्टर येतो कोठें?” हा दुसरा आक्षेप. त्यासाठीं रायगड जिल्ह्यांतील महाड तालुक्याकडे पाहा. तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत १९७६ च्या सुमारास एक तरुण डॉक्टर आले. नांव हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यांतील खेड्यांतले, गरीब शेतकऱ्याचे चिरंजीव. कोंकणांत लाल विंचू. भाताच्या पेंढ्यांत, दगडांत, जोड्यांत. तो चावला कीं धडधाकट माणूस घामानें भिजे, छाती पाण्यानें भरे आणि दोन दिवसांत मरे. तेव्हां विंचवाचें विष गंभीर चढलेल्या शंभरांतील तीस-चाळीस माणसें दगावत. यावर औषध नाहीं असेंच सारे मानीत. हा डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशीं रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, हातपायांचा गारठा टिपूं लागला. त्याला दिसलें कीं विषानें रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या ओझ्याखालीं थकतें. पुढें प्राझोसिन नांवाची रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनीं वापरली आणि माणसें जगूं लागलीं. १९८२ व १९८६ सालीं इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय पत्रानें त्यांचें काम छापलें. जेथें शंभरांत तीस-चाळीस मरत, तेथें तें प्रमाण एकावर आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

हा शोध मुंबईच्या काचेच्या इमारतींत लागला नाहीं. तो लागला एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत सुरू झालेल्या निरीक्षणांतून, कारण विंचू चावलेला शेतकरी तेथेंच येत होता. रोगी येतो म्हणून डॉक्टर शिकतो. आपण जाणेंच सोडलें, तर तेथील डॉक्टर सर्दी-पडशापलीकडे काय शिकणार?

हें आम्हांस शाळेवरून चांगलें कळतें. ज्या शाळेंतून गांवच्या पुढाऱ्याचीं, व्यापाऱ्याचीं आणि खुद्द मास्तरांचीं मुलें निघून जातात, त्या शाळेचें छप्पर गळूं लागलें तर बोलणारा उरत नाहीं. राहतात तीं गरिबांचीं मुलें. त्यांच्या बापाला अर्ज लिहितां येत नाहीं आणि मजुरी बुडवून कचेरींत जातां येत नाहीं. दवाखान्याचें तेंच झालें आहे. ज्याचा आवाज मोठा तो खासगींत गेला, आणि ज्याचा आवाज नाहीं त्याच्यापुरता दवाखाना उरला. मग औषध संपलें तर ओरडणार कोण?

खासगी डॉक्टर सारे लुटारू आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांत देवमाणसेंही आहेत. पण ज्याला कर्ज फेडून इमारत उभी करावयाची आहे, त्याचें गणित रोग्याच्या खिशापासून सुरू होतें. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबाप्रमाणें या देशांत आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांतील एकोणचाळीस रुपये लोकांच्या खिशांतून थेट जातात. मोठ्याला ते जाणवत नाहींत. लहानाचे ते बैल असतात, मंगळसूत्र असतें, मुलीची पुढची शाळा असते. महात्मा फुल्यांच्या नांवाची जनआरोग्य योजना आहे, तींत नेमलेल्या इस्पितळांत ठरलेल्या उपचारांना पांच लाखांपर्यंत आधार मिळतो. ती चांगली आहे, कार्ड काढून ठेवा. पण रात्रीं दोन वाजतां मण्यार चावली असतां कार्ड उपयोगी पडत नाहीं. जवळचा उघडा दवाखाना पडतो.

आतां दुसरी बाजू. तीही झांकावयाची नाहीं. दवाखान्याला कधीं कुलूप असतें, हें खरें. कधीं चिठ्ठी लिहून ‘बाहेरून आणा’ म्हणतात, हें खरें. कधीं लुगडें मळकें दिसलें कीं बोलण्याची तऱ्हा बदलते. हेंही खरें, आणि तें सर्वांत जास्त लागतें. सरकारचाही हात आंखडता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत म्हटलें होतें कीं २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी पैसा आरोग्यावर खर्च करूं. २०२१-२२ च्या हिशेबांत तो दोन टक्केही भरला नव्हता. जागा रिकाम्या राहतात, एकाच माणसाला तिघांचें काम पडतें, आणि त्याचा राग तो रोग्यावर काढतो.

पण यावर उपाय म्हणजे पाठ फिरविणें नव्हे. २००७ सालापासून पुणें, ठाणें, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हांचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत गांवकऱ्यांनीं दवाखान्यावर देखरेख ठेवण्याचें काम सुरू झालें. गांवानें आपल्या दवाखान्याला गुण द्यावयाचे, आणि जनसुनवाईंत डॉक्टर, अधिकारी व गांवकरी यांनीं समोरासमोर बसावयाचें. शिवीगाळ नाहीं, मारहाण नाहीं, नुसता हिशेब विचारावयाचा. डॉक्टरला मारून दवाखाना सुधारत नाहीं. उलट चांगला डॉक्टर निघून जातो आणि पुन्हां त्या गांवाला कोणी येत नाहीं.

या कामांत एक माणूस आपल्या अगदीं जवळचें आहे: आपली आशाताई. हजार वस्तीमागें एक आशा, ही योजना २००५ पासूनची. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरीं काळजी घेण्यास शिकविलें. ३९ गांवांत तें काम झालें आणि तिसऱ्या वर्षीं नवजात बाळांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरले. १९९९ सालीं तेंही ‘लॅन्सेट’मध्यें छापून आलें. पुढें देशभरच्या आशांना हें शिक्षण मिळालें. म्हणजे आपली शेजारीणच पोर वांचवूं शकते. पण तिला मिळतो कामागणिक मोबदला, तोही कित्येकदां उशिरां, आणि आपण तिला म्हणतों, “आली पुन्हां वही घेऊन!” सावित्रीबाईंच्या नांवानें हार घालणाऱ्यांनीं निदान त्यांच्या या लेकीला दारांत पाणी तरी विचारावें.

बंधुभगिनींनो, शेवटीं चार कामें सांगतों आणि खालीं बसतों.

पहिलें, १०८ हा आंकडा प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहा. आमच्या शाळेचीं मुलें उद्यां खडू घेऊन दारोदार येतील, त्यांना हांकलूं नका. दुसरें, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरासह तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा, आणि पावती नसेल तर आमच्याकडे या, अर्ज आम्ही लिहून देऊं. तिसरें, गांवांत आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे. तींत कोण आहेत, बैठक कधीं झाली, निधी कोठें गेला, हें पुढच्या ग्रामसभेंत बायांनीं उठून विचारावें. चौथें, येत्या सोमवारीं सकाळीं आम्ही दहा माणसें घेऊन केंद्रांत जाणार आहों. भांडायला नव्हे. सापावरच्या कुप्या किती, रात्रपाळीला कोण, रुग्णवाहिका चालू आहे कीं नाहीं, एवढें पाहून तें शाळेच्या फळ्यावर लिहूं, आणि दर महिन्याला लिहीत राहूं. औषध कमी असेल तर डॉक्टरांच्याच बरोबर बसून वर पत्र धाडूं.

आमची स्वतःची रक्तदाबाची गोळी आम्ही गेल्या दोन वर्षांपासून तेथूनच आणतों. रांगेंत उभे राहतों. आम्ही त्यांतून मोठें काम केलें असें नाहीं. पण आतां कोणी रात्रीं दार वाजविलें, तर आम्ही ऐकीव बोलणार नाहीं. तेथें कोण आहे आणि कपाटांत काय आहे, हें आमच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असेल.

सोमवारीं बरोबर येणार असें त्या पोरीच्या आईनें सांगितलें आहे. बाकीचे नऊ कोण, तें आतां हात वर करून सांगा.